कागद नको म्हणणाऱ्यांना उत्तर

जळगाव-धुळ्याकडे ज्याच्या घरात दोन खोल्या जास्तीच्या आहेत त्याला एक सल्ला फुकट मिळतो. “भो, भाडेकरू ठेवायचा तर ठेव, पण कागदबिगद करू नको. कागद केला की तो बसलाच समज. बारा वर्षं झाली की घर त्याचं.” सल्ला देणारा कधी मंगल कार्यालयाच्या पंगतीत शेजारी बसलेला असतो, कधी घरपट्टीच्या रांगेत मागे उभा असतो. नात्यातला असेल तर वर दटावतोही. आणि याच माणसाला तुम्ही निवृत्तीच्या पैशांचे काय करायचे म्हणून विचारले, तर तो सांगतो, “बँकेत कुजवण्यापेक्षा एक फ्लॅट घेऊन टाक. हप्ता भाडेकरूच भरतो.” म्हणजे भाडेकरू हा एका श्वासात घर गिळणारा आणि दुसऱ्या श्वासात घर घेऊन देणारा!

दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याचे नुकसान जास्त, कारण तो ऐकणारा माणूस ज्या संकटाला भितो तेच संकट स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

ही भीती कुणी हवेतून काढलेली नाही, हे मान्य करायला हवे. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा प्रमाणित भाडे ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली गेली. युद्धाच्या आणि फाळणीच्या काळात ते समजण्यासारखे होते. पण ती भाडी पुढे पन्नास वर्षे जवळपास तिथेच गोठून राहिली. त्यावर १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो माणूस चालू परवान्यावर, म्हणजे लिव्ह-लायसनवर, जागेत राहत होता तो त्या दिवशी कायद्याने भाडेकरू ठरला आणि त्याला भाडेकरूचे पूर्ण संरक्षण मिळाले. ‘अकरा महिन्यांनी जाईल’ या भरवशावर जागा दिलेल्या मालकांनी सकाळी उठून पाहिले तर पाहुणा घरचा झालेला. जळगावच्या नवी पेठ-बळीराम पेठेत किंवा धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांत फिरताना चहाच्या पैशाएवढ्या भाड्यात पिढ्यान्पिढ्या चालणाऱ्या दुकानांच्या गोष्टी ऐकू येतात, त्या या काळातल्या. आजोबा घाबरले ते बरोबरच होते.

पण आजोबांच्या काळचा कायदा आज नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की भाडी अशी गोठवून ठेवणे आता अवाजवी आणि मनमानी झाले आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पाव शतक उलटून गेले. आमच्या पारावर मात्र अजून १९७३ च चालू आहे.

या कायद्यात छोट्या घरमालकाने पाठ करावीत अशी दोन कलमे आहेत, २४ आणि ५५. कलम २४ राहण्यासाठी परवान्यावर दिलेल्या जागेबद्दल आहे. मुदत संपली की परवानाधारकाने जागा परत द्यायची. न दिल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. नेहमीच्या दिवाणी दाव्यासारखे तारखांमागून तारखा असे तिथे अपेक्षित नाही. समोरच्याला बचाव करायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी परवानगी मागावी लागते. मुदत संपल्यानंतर तो जितके दिवस बसेल तितक्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यायची तरतूद आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेखी परवाना करारात जे लिहिले आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते. “मी परवानाधारक नव्हतोच, मी भाडेकरू होतो” हा जुना पवित्रा इथे थांबतो.

आता कलम ५५. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर? अटींबद्दल वाद झाला तर भाडेकरू जे म्हणेल ते खरे धरले जाते. खोटे असेल तर ते मालकाने सिद्ध करायचे. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

पंगतीतल्या सल्लागाराला इथे थांबवून विचारावेसे वाटते की भाऊ, कागद न करून तुम्ही नेमके वाचवले कोणाला? तोंडी बोलीवर खोली दिली, किल्ली त्याच्या हातात, दर महिन्याला भाडे घेताय. तो उद्या म्हणाला की अकरा महिन्यांचे काही ठरलेच नव्हते, मी भाडेकरू आहे आणि भाडे पाच हजार नव्हे तीन हजार ठरले होते, तर कायदा आधी त्याचे ऐकणार. एकदा तो भाडेकरू ठरला की ‘मुदत संपली’ हे कारण पुरत नाही. कलम १५ आणि १६ मधली कारणे दाखवावी लागतात. भाडे थकवले, पोटभाडेकरू घातला, जागेची नासधूस केली किंवा मालकाला स्वतःला खरोखर गरज आहे, असे काहीतरी. थकबाकीसाठी दावा लावायचा तरी आधी लेखी मागणीची नोटीस आणि त्यावर ९० दिवस थांबणे आले. भाडे वर्षाला चार टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही. म्हणजे ज्या संरक्षणाची भीती म्हणून कागद टाळला, ते संरक्षण कागद टाळूनच बहाल केले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

बारा वर्षांचे तर विचारूच नका. १९६३ च्या मुदत कायद्यातली बारा वर्षांची गोष्ट आहे ती प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाचा हक्क झुगारून, त्याच्या विरुद्ध उघडपणे जागा बळकावून बसलेल्याची. भाडेकरू तुमच्या परवानगीने आत आलेला असतो. तो तुम्हाला भाडे देतो, म्हणजे दर महिन्याला तुमची मालकी कबूल करतो. पुरावा कायद्यातही पूर्वीपासून हे तत्त्व आहे की भाडेकरूला ताबा चालू असेपर्यंत मालकाचा मूळ हक्क नाकारता येत नाही. बारा काय, चोवीस वर्षे भाडे भरले तरी भाडेकरू त्या आधारावर मालक होत नाही. पण हे सगळे तो भाडेकरू आहे हे दाखवता आले तर! करार नाही, पावती नाही, भाडे रोखीत घेतलेले, विजेचे बिल त्याच्याकडून परस्पर भरलेले, अशा ठिकाणी वीस वर्षांनी तुमच्या मुलांनी काय दाखवायचे? बारा वर्षांचा धोका ज्याला थोडाफार आहे तो कागद न केलेल्यालाच.

“पण हा ओळखीचा आहे” हे पुढचे पालुपद. मामेभावाच्या साडूचा मुलगा, तापी काठचा, आपल्यातलाच, एमआयडीसीत लागलाय, त्याच्याशी कागद करायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखे होते. उलट आहे. ओळखीच्या माणसाशी भांडण झाले की फक्त भाडे बुडत नाही, मधल्या चार घरांचे येणे-जाणे बंद होते. डिपॉझिट किती दिले होते, रंग कोणी द्यायचा, पंखा आधीपासून बंद होता की नंतर पडला, यावरून बोलाचाली झालेली घरे आपल्याकडे कमी नाहीत. ओळखीतला व्यवहार असेल तर कागद आणखी नीट हवा. आत जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचे, नळांचे, ट्यूबलाइटचे फोटो काढावेत आणि दोघांच्याही फोनवर पाठवून ठेवावेत. डिपॉझिट आणि भाडे बँकेतून किंवा यूपीआयने घ्यावे. यात कुणाचाही अपमान नाही.

खर्च? तोही सांगतो, कारण ‘कशाला हजारो घालायचे’ हे वाक्यही त्याच पंगतीतले. समजा भाडे महिना ८ हजार, डिपॉझिट २० हजार, मुदत अकरा महिने. लिव्ह-लायसनवरचे मुद्रांक शुल्क पाव टक्का. एकूण भाडे ८८ हजार, त्यात परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले व्याज मिळवायचे आणि त्यावर ०.२५ टक्के. सव्वादोनशे-तीनशे रुपयांत बसते. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. दस्त हाताळणीचे थोडे. दीड-पावणेदोन हजारांत सरकारी काम होते. एजंट घरी अंगठ्याचे यंत्र घेऊन आला तर त्याची फी वेगळी. ऑनलाइन नोंदणी आल्यापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अख्खा दिवस घालवण्याचीही गरज उरलेली नाही. याउलट पाचशेचा स्टॅम्प घेऊन, दोन सह्या करून, नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. तो शिक्का गोल आणि लाल असतो एवढेच. आपल्याकडचे निम्मे ‘करार केलाय’ म्हणणारे त्या शिक्क्यावर निर्धास्त असतात.

अकरा महिन्यांचा हट्टही कशासाठी, हे फार जण विचारत नाहीत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे, म्हणून नोंदणी चुकवायला देशभर अकरा महिने आले. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो. मग ती पळवाट इथे बंदच आहे. पाव टक्क्याचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना लागतो आणि नोंदणी फी तीच एक हजार. चांगले बिऱ्हाड मिळाले असेल तर सरळ तीन वर्षांचा करार करावा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहावी आणि दोन्ही बाजूंना एक महिन्याच्या सूचनेने सोडण्याची मुभा ठेवावी. तीनदा कागद करण्याचा खर्च आणि टाळाटाळ दोन्ही वाचते. एक व्यावहारिक गोष्ट मात्र विसरू नये. विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्यांनी मुदत मे-जूनमध्ये संपेल अशी बेतावी. धुळ्यात देवपुरात किंवा जळगावात एम. जे. कॉलेजच्या परिसरात खोल्यांची खरी मागणी प्रवेशाच्या दिवसांत असते. नोव्हेंबरात रिकामी झालेली खोली जूनपर्यंत पाहुण्यांच्या गाद्या ठेवायच्या कामी येते.

मुदत संपण्याआधी बोलणी न करण्याचा परिणाम पाहायचा असेल तर जळगावकरांना लांब जायला नको. गावातला सर्वांत मोठा घरमालक म्हणजे महापालिका. तिच्या व्यापारी संकुलांतल्या बऱ्याच गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ च्या सुमारास संपली. नवे भाडे किती, नूतनीकरण की लिलाव, थकबाकीवर दंड किती, या प्रश्नांवर त्यानंतर ठराव झाले, मोर्चे निघाले, नोटिसा गेल्या, प्रकरणे न्यायालयात गेली. वर्षानुवर्षे वसुली अडकली ती पालिकेचीच आणि टांगती तलवार राहिली ती दुकानदारांच्या डोक्यावर. वकिलांची फौज आणि वसुली खाते असलेल्या मालकाची ही गत, तर आपल्यासारख्या निवृत्त मास्तराने किंवा एसटीतून सुटलेल्या कंडक्टरने मुदतीची तारीख कॅलेंडरवर तीन महिने आधी खूण करून ठेवायला काय हरकत आहे?

पंगतीतल्या बहाद्दराकडे यावरही तोडगा असतो. “गेला नाही तर चार पोरं नेऊ, सामान बाहेर. नाहीतर पाण्याचा कॉक बंद.” हे ऐकायला झकास वाटते. कलम २९ प्रमाणे भाडेकरूचे पाणी, वीज अशा आवश्यक सोयी तोडणे हा गुन्हा आहे. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवता येतो. तिथे मालकी कोणाची हा प्रश्नही विचारला जात नाही, फक्त ताबा कोणाचा होता आणि कायदेशीर मार्ग सोडून हिसकावला का, एवढेच पाहतात. ती चार पोरे पोलिस ठाण्यात तुमचेच नाव सांगतात, हे वेगळे.

आता कागद नको म्हणणाऱ्यांच्या बाजूचेही थोडे. नोंदणीकृत करार असला की माणूस मुदतीच्या रात्री सामान बांधून निघतोच असे मी म्हणत नाही. अडेलतट्टू भेटला तर महिने जातात. सक्षम प्राधिकाऱ्याकडचे काम कायद्यात जितके झटपट दिसते तितके प्रत्यक्षात होतेच असे नाही. पण तुलना करायची तर या महिन्यांची तोंडी भाडेकरूविरुद्धच्या दिवाणी दाव्याशी करा. तिथे अपिलासकट किती वर्षे जातात ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात कोणत्याही टेबलाशी विचारा.

कागद केला की घरपट्टी वाढेल, हे भय मात्र अगदीच खोटे नाही. महापालिका कायद्यात करयोग्य मूल्य हे वार्षिक भाड्याच्या अंदाजावर, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करून ठरते. त्यामुळे भाड्याने दिलेल्या भागावर कर वाढू शकतो. जी वाढ होईल ती भाडे ठरवतानाच हिशेबात धरावी. आयकराचे भूत मात्र उगाचच उभे केलेले आहे. वर्षाला ९६ हजार भाडे आले, तर तुम्ही भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या दाखवायची गरज नाही. पासष्ट-सदुसष्ट हजार उत्पन्नात मिळवले जातात. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर सवलतीमुळे शून्य होतो. ज्याला पेन्शन तीस हजार आहे त्याने आयकराच्या भीतीने करार टाळणे म्हणजे नसलेल्या चोराला घाबरून दार उघडे टाकणे.

कायद्याएवढेच भांडण घरात दुसऱ्या दोन गोष्टींवरून होते, विजेवरून आणि पाण्यावरून. पिंप्राळ्यात किंवा वलवाडीत असे घर सर्रास दिसेल. खाली मालक, बाहेरून लोखंडी जिना, वर दोन खोल्या. जिन्याखाली महावितरणचा एक मीटर आणि त्याच्या पोटात बाजारातून आणलेला सबमीटर. मालक युनिटला सरसकट दहा रुपये लावतो. भाडेकरूला वाटते हा लुटतोय, मालकाला वाटते मीच भुर्दंड सोसतोय, आणि गंमत म्हणजे दोघांचेही खरे असते. महावितरणचा दर टप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटे स्वस्त, पुढची तीनशेपर्यंत बरीच महाग, त्यापुढे आणखी. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, दोन्ही बिऱ्हाडांत कूलर रात्रंदिवस. खाली १८० युनिट, वर १८०. एकाच मीटरवर ती ३६० होतात. स्वस्त दराची शंभरच मिळतात आणि साठ युनिटे तीनशेपलीकडच्या आणखी महाग टप्प्यात जातात. दोन मीटर असते तर दोनशे युनिटे स्वस्त दराने मिळाली असती आणि तीनशेपलीकडचा टप्पा लागलाच नसता. वेगळ्या मीटरसाठी अर्ज करून एकदाचा खर्च करून टाकणे, हे छोट्या घरमालकाने केलेल्या सर्वांत शहाण्या गुंतवणुकींपैकी एक ठरते. भाडेकरूने बिल थकवले तरी ते त्याच्या मीटरचे राहते. तो सोडून जाताना शेवटचे बिल भरल्याची पावती बघूनच डिपॉझिट परत करावे.

पाण्याचे तसेच. आपल्या दोन्ही शहरांत नळ रोज येत नाही. जळगावात वाघूर धरण भरलेले असले तरी दिवसाआड, धुळ्यात तर मधले दिवस आणखी वाढतात. म्हणून वरच्या बिऱ्हाडासाठी वेगळी टाकी, तिचे माप, मोटर कोणी आणि कधी चालवायची, हे करारात दोन ओळींत लिहावे. नळाच्या दिवशी खालच्या बाईंनी मोटर लावली नाही म्हणून वरच्या बाई आठवडाभर बोलत नाहीत, असल्या कुरबुरींनी चांगली बिऱ्हाडे गेलेली आहेत. चांगले बिऱ्हाड जाणे म्हणजे किमान एका महिन्याचे भाडे, रंग आणि दलाली.

आता दुसरा सल्ला, ‘हप्ता भाडेकरू भरतो’. याला वाद कमी आणि पाटी-पेन्सिल जास्त लागते. समजा ३० लाखांचा टू बीएचके. मुद्रांक शुल्क आणि स्थानिक अधिभार मिळून सहा टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का सूट. एकूण ३२ लाखांच्या वर गेले, पंखे-नळ-जाळ्या सोडून. कर्ज २४ लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षे. हप्ता जवळपास २० हजार ८०० रुपये. भाडे आले ८ हजार. उरलेले पावणेतेरा हजार दरमहा कोण भरते? तुमचा पगार. वर्षातून एक महिना फ्लॅट रिकामा, सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, एखादी गळती. ९६ हजारांतून हातात सत्तर उरले तर नशीब. बत्तीस लाखांवर सत्तर हजार म्हणजे सव्वादोन टक्के. बँकेत ‘कुजणाऱ्या’ मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात. तिला गळतीही लागत नाही.

“अहो, पण किंमत वाढते ना!” वाढते, कधीकधी. रिंग रोडला, महाबळला पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्लॉट घेतलेल्यांचे भले झाले यात शंका नाही. पण ती प्लॉटची, जमिनीची गोष्ट. अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जमिनीचा वाटा पत्रावळीएवढा, आणि बाकीचे बांधकाम दरवर्षी जुने होते. शेजारी नवी इमारत उभी राहिली की भाडेकरू लिफ्ट आणि पार्किंग बघून तिकडे जातो. वाढलेली किंमत हातात यायला विकावे लागते. नफ्यावर साडेबारा टक्के भांडवली नफा कर आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंतची वाट. राहायला घर हवे असेल तर कर्ज काढून घ्या, त्याला माझा विरोध नाही. भाड्यावर कर्ज फेडायच्या आशेने आपल्या शहरांत फ्लॅट घेऊ नये, एवढेच ठाम सांगतो. या भागात भाडी पगारांच्या मानाने ठरतात आणि फ्लॅटच्या किमती ठरवताना पुण्या-नाशिककडे पाहिले जाते. तो मेळ बसत नाही.

मग भाड्याचे उत्पन्न कोणाला परवडते? ज्याची जमीन आधीच आहे त्याला. वडिलांनी घेतलेला प्लॉट, त्यावर खालचा मजला, वर रिकामा स्लॅब. कॉलम-फाउंडेशन वरचा भार घेते का हे अभियंत्याकडून तपासून, महापालिकेची बांधकाम परवानगी घेऊन वर एक बिऱ्हाड काढले तर खर्च फक्त बांधकामाचा. समजा नऊ लाख लागले आणि भाडे साडेपाच हजार आले, तर वर्षाला ६६ हजार, म्हणजे ढोबळ सात टक्क्यांच्या वर. शिवाय म्हातारपणी वर कोणीतरी दिव्याला असते, याची किंमत ज्यांची मुले पुण्याला आहेत त्यांना विचारा. परवानगीशिवाय मजला चढवून नंतर नियमित करून घेऊ, हा आणखी एक पंगतीतला सल्ला. तो ऐकू नका.

राहता राहिले बिऱ्हाड निवडणे. इथे आपल्याकडे पहिला प्रश्न ‘कोणते आपण?’ हा असतो. नोकरी काय, पगार किती, आधी कुठे राहत होता, तिथल्या मालकाचा नंबर आहे का, हे प्रश्न नंतर, किंवा कधीच नाही. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झालेल्या डॉक्टरला आडनावावरून चार घरांनी नाही म्हणावे आणि मग आपल्याच समाजातल्या उनाड पोराला कागदाशिवाय किल्ली द्यावी, याला माझ्या लेखी व्यवहार म्हणत नाहीत. माणूस म्हणून ते लाजिरवाणे आहेच, मालक म्हणूनही खुळेपणाचे आहे. एकट्या राहणाऱ्या नर्स, बँकेत बदलून आलेले कारकून, विद्यापीठातले संशोधक विद्यार्थी यांचे भाडे सहसा पाच तारखेच्या आत येते. आधीच्या मालकाला एक फोन आणि नोकरीच्या ओळखपत्राची प्रत, यातून जितके कळते तितके जातीवरून कळत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची ती मात्र सगळ्यांचीच कळवायची, फक्त ‘त्यांची’ नव्हे.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे आज पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरी केलेला कागद असेल, तर तो फाडू नका. भाडे किती ठरले होते एवढा पुरावा म्हणून तो ठेवा. कागदच नसेल तर गेल्या सहा महिन्यांचे यूपीआयचे तपशील छापून ठेवा आणि रोखीत घेत असाल तर पुढच्या महिन्यापासून पावती देऊन तिच्या प्रतीवर त्याची सही घ्या. मग एका रविवारी दोघांची आधार कार्डे, पॅन, घराचा उतारा किंवा घरपट्टीची पावती आणि दोन साक्षीदार घेऊन बसा आणि करार नोंदवून टाका. भाडेकरू नको म्हणाला तर तो का नको म्हणतो, हे त्याच दिवशी कळेल आणि तो आत येऊन वर्ष झालेले असले तरी ते आज कळणे उद्यापेक्षा स्वस्त पडेल.